सेटिंग्जमध्ये फक्त ‘डमी आउटपुट’: लिनक्सवर आवाज नेमका कुठे अडला आहे हे कसे शोधावे

प्रश्न थोडक्यात असा आहे: इंटेलच्या दहाव्या पिढीचा प्रोसेसर असलेला लॅपटॉप आहे, त्यावर विंडोजच्या जोडीला डेबियन लिनक्स आहे, आणि डेबियन 11 वरून 12 वर गेल्यापासून आवाज पूर्ण बंद झाला आहे. ग्नोम या डेस्कटॉपच्या सेटिंग्जमध्ये ध्वनीच्या पानावर ‘डमी आउटपुट’ एवढाच एक पर्याय दिसतो. पल्सऑडिओ हा ध्वनिसर्व्हर काढून पुन्हा बसवणे, स्वतःला ‘ऑडिओ’ गटात घालणे आणि होम फोल्डरमध्ये ‘.असाउंडआरसी’ नावाची फाइल तयार करणे, असे तीन उपाय करूनही काही फरक पडलेला नाही.

उत्तरात आलेल्या आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत टाकाव्यात.

आधी हे तिन्ही उपाय उलटवावेत. ते निरुपद्रवी नाहीत आणि त्यांच्यामुळे पुढच्या तपासणीत भलतेच निष्कर्ष निघू शकतात. ‘.असाउंडआरसी’ ही अल्साची, म्हणजे लिनक्सच्या मूळ ध्वनिव्यवस्थेची, वैयक्तिक मांडणी असते. तीत ‘कार्ड 1’ असा क्रमांक लिहून ठेवला आणि पुढच्या वेळी संगणक सुरू होताना ध्वनिकार्डांचा क्रम बदलला, की त्या फाइलमुळेच आवाज जातो. ती काढून टाकावी. ‘ऑडिओ’ गटाची गरज पूर्वी होती. आता ज्याने संगणकासमोर बसून लॉगिन केले आहे त्याला ध्वनियंत्रणेची परवानगी सिस्टिमडी ही सेवा सांभाळणारी प्रणाली स्वतःच देते. उलट त्या गटात राहिल्यास एकाच संगणकावरचा दुसरा वापरकर्ता आत आल्यावरही पहिल्याचा प्रोग्राम कार्ड अडवून बसू शकतो. पल्सऑडिओविषयी सांगायचे तर डेबियन 12 च्या ग्नोममध्ये त्याची जागा पाइपवायर या नव्या ध्वनिसर्व्हरने घेतलेली आहे. पल्सऑडिओ पुन्हा बसवल्याने एकाच कार्डासाठी दोन दावेदार उभे राहतात, म्हणून तेही काढावे आणि ‘पाइपवायर-ऑडिओ’ हे पॅकेज बसवावे. लागणारे बाकीचे भाग ते स्वतःच ओढून घेते.

आता मूळ मुद्दा. लिनक्सवर आवाज तीन थरांतून जातो. सर्वांत खाली कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, ड्रायव्हर असतो; तोच अल्सा. 2003 च्या डिसेंबरमध्ये आलेल्या 2.6 कर्नलपासून तोच मुख्य मार्ग आहे. त्याच्यावर ध्वनिसर्व्हर असतो, जो अनेक प्रोग्रामचे आवाज एकत्र करून खाली पाठवतो. आधी हे काम पल्सऑडिओ करत असे. 2021 मध्ये फेडोरा या दुसऱ्या लिनक्सच्या 34 व्या आवृत्तीने पाइपवायर मुख्य म्हणून घेतला आणि मग बाकीचेही हळूहळू तिकडे वळले. पाइपवायर स्वतः कोणते कार्ड वापरायचे हे ठरवत नाही. तो निर्णय वायरप्लंबर नावाचा वेगळा प्रोग्राम घेतो. सर्वांत वर ब्राउझर, व्हिडिओ प्लेअर यांसारखे प्रोग्राम येतात. ‘डमी आउटपुट’चा अर्थ एवढाच की ध्वनिसर्व्हर चालू आहे, पण आवाज कुठे सोडावा असे एकही ठिकाण त्याला मिळालेले नाही. ते ठिकाण खालच्या थरात तयारच झालेले नाही, की तयार असूनही वरच्या थराला सापडत नाही, हे कळेपर्यंत आणखी काहीही बसवू किंवा काढू नये. बहुतेक जण इथेच घाई करतात आणि वरचा थर पुन:पुन्हा बसवत राहतात, बिघाड मात्र कर्नलच्या पातळीवर असतो.

हे ठरवायला एकच आज्ञा पुरते: ‘एप्ले -एल’. आवाज वाजवू शकणाऱ्या, कर्नलला माहीत असलेल्या सगळ्या कार्डांची यादी ती देते. यादीत ‘एचडीए इंटेल पीसीएच’ किंवा ‘सॉफ-एचडीए-डीएसपी’ अशा नावाचे कार्ड आले, तर खालचा थर ठीक आहे असे समजून पुढच्या भागाकडे वळावे. ‘नो साउंडकार्ड्स फाउंड’ असे उत्तर आले, किंवा यादीत फक्त एचडीएमआयच्या ओळी दिसल्या, तर अडचण कर्नलमध्ये आहे. तसे असेल तर पाइपवायरला कितीही वेळा नव्याने सुरू केले तरी उपयोग होणार नाही.

आपल्या बाबतीत मला दाट शंका आहे ती या खालच्या थराचीच, आणि तिचे कारण लॅपटॉपच्या पिढीत आहे. जुन्या लॅपटॉपमध्ये इंटेलची एचडीए ही व्यवस्था असे. तिचा आराखडा 2004 चा. ‘एसएनडी एचडीए इंटेल’ हा एकच ड्रायव्हर कोडेक चिपशी, म्हणजे डिजिटल आवाज स्पीकरसाठी रूपांतरित करणाऱ्या चिपशी, थेट बोलत असे आणि वेगळे फर्मवेअर, म्हणजे चिपवर चढवायचा प्रोग्राम, लागत नसे. नव्या लॅपटॉपमध्ये झाकणाच्या कडेला डिजिटल मायक्रोफोन आले. त्यांचा आवाज थेट प्रोसेसरच्या आत असलेल्या ध्वनिप्रक्रिया भागाकडे, म्हणजे डीएसपीकडे जातो. कर्नलला असे मायक्रोफोन आढळले की तो जुना ड्रायव्हर बाजूला ठेवून ‘साउंड ओपन फर्मवेअर’, म्हणजेच सॉफ, हा मार्ग निवडतो. या मार्गात डीएसपीवर चढवायची एक फाइल डिस्कवर असावी लागते. ती नसेल तर मायक्रोफोनच नव्हे, स्पीकर आणि हेडफोनसुद्धा गायब होतात, कारण कार्ड म्हणून जे उभे राहते ते या सगळ्यांचे मिळून एकच असते. मायक्रोफोनसाठी केलेल्या सोयीमुळे स्पीकर जावेत हे कोणाला विचित्र वाटेल, पण रचना तशी आहे.

शंका खरी आहे का हे कर्नलच्या नोंदींतून दिसते. डेबियनवर त्या पाहायला मूळ वापरकर्त्याचा (रूट) अधिकार लागतो, म्हणून ‘सुडो डीमेसेज’ चालवून तिचा निकाल ‘ग्रेप’मधून ‘सॉफ’ या शब्दासाठी गाळावा. फर्मवेअर नसल्यास ‘0000:00:1एफ.3’ असा पत्ता असलेली एक ओळ दिसते. तीत ‘डायरेक्ट फर्मवेअर लोड फॉर इंटेल/सॉफ/सॉफ-सीएमएल.आरआय फेल्ड विथ एरर -2’ असे म्हटलेले असते. हा पत्ता इंटेल लॅपटॉपमध्ये ध्वनिनियंत्रकाचा नेहमीचा पत्ता आहे. ‘सीएमएल’ म्हणजे कॉमेट लेक, दहाव्या पिढीतली एक शाखा. दुसऱ्या शाखेत, म्हणजे आइस लेकमध्ये, तिथे ‘आयसीएल’ दिसेल. उणे 2 हा कर्नलचा ‘अशी फाइल नाही’ सांगण्याचा ठरलेला आकडा आहे. हा आकडा दिसला की अंदाज बांधायची गरज उरत नाही.

फाइल का नाही, याचे उत्तर डेबियनच्या 11 आणि 12 या आवृत्त्यांमधल्या एका बदलात सापडण्याची शक्यता आहे. डेबियन 11 मध्ये असे फर्मवेअर ‘नॉन-फ्री’ या विभागात असे. 2023 च्या जूनमध्ये आलेल्या 12 मध्ये त्यासाठी ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ हा स्वतंत्र विभाग काढला गेला. नव्याने बसवणाऱ्याला हा बदल जाणवत नाही, कारण इन्स्टॉलर यादी स्वतः लिहितो. मात्र जुन्या आवृत्तीवरून वर येताना बहुतेक जण पॅकेज-स्रोतांच्या यादीत फक्त ‘बुल्सआय’चे (11 चे नाव) ‘बुकवर्म’ (12 चे नाव) करतात आणि विभागांची नावे जशीच्या तशी ठेवतात. मग फर्मवेअरची नवी पॅकेजे ॲप्टला, म्हणजे पॅकेजे बसवणाऱ्या प्रोग्रामला, दिसतच नाहीत, आणि कुठे आधीचे पॅकेज काढले गेले असेल तर त्याच्या जागी नवेही येत नाही. म्हणून ‘/ईटीसी/ॲप्ट’मधली ‘सोर्सेस.लिस्ट’ उघडावी, ‘मेन’ नंतर ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ हा शब्द जोडावा, ‘ॲप्ट अपडेट’ करून ‘फर्मवेअर-सॉफ-साइन्ड’ हे पॅकेज बसवावे आणि लॅपटॉप पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावा. हाच बिघाड इतरत्र आल्यास पॅकेजचे नाव बदलते: फेडोरावर ते ‘अल्सा-सॉफ-फर्मवेअर’ आणि आर्चवर ‘सॉफ-फर्मवेअर’ आहे.

‘रीस्टार्ट’ न म्हणता ‘पूर्ण बंद करून’ असे मुद्दाम लिहिले आहे. विंडोजच्या जोडीने लिनक्स वापरणाऱ्यांच्या लॅपटॉपमध्ये असे होते की विंडोजमधून थेट रीस्टार्ट करून लिनक्समध्ये आल्यावर कोडेक चिप विंडोजने सोडलेल्या अवस्थेतच राहते, आणि लिनक्सचा ड्रायव्हर ती नीट जागी करू शकत नाही. कार्ड दिसते, आवाजाची पट्टी हलते, पण स्पीकर मुके असतात. विंडोजमधले ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे. ते चालू असताना ‘शट डाउन’ही खऱ्या अर्थाने पूर्ण होत नाही. एकदा वीज पूर्ण तोडून सुरू केल्यावर आवाज परतला, तर फर्मवेअरचा विषय बाजूला ठेवून याच दिशेने पाहावे.

फर्मवेअर बसवूनही सॉफचा मार्ग उभा राहिला नाही, तर तात्पुरती एक पळवाट आहे. ‘/ईटीसी/मॉडप्रोब.डी’ या फोल्डरमध्ये नवी फाइल करून तीत ‘ऑप्शन्स एसएनडी-इंटेल-डीएसपीसीएफजी डीएसपी_ड्रायव्हर=1’ अशी एक ओळ लिहावी. त्यामुळे कर्नल जुन्या एचडीए मार्गाने जातो. स्पीकर आणि हेडफोन बहुधा लगेच बोलू लागतात, पण आतला डिजिटल मायक्रोफोन बंद पडतो. ज्यांना ऑनलाइन वर्ग किंवा बैठका करायच्या नाहीत त्यांना हे चालून जाते. तरी मी याला दुरुस्ती म्हणणार नाही, कारण पुढे ही ओळ विसरली जाते आणि वर्षभराने ‘मायक्रोफोन चालत नाही’ असा नवाच प्रश्न तयार होतो. एएमडीच्या रायझेन लॅपटॉपमध्ये चित्र थोडे वेगळे असते. तिथे स्पीकर सहसा चालतात आणि आतला मायक्रोफोन मात्र सापडत नाही, कारण काही पिढ्यांत कर्नलमध्ये लॅपटॉपच्या मॉडेलांची यादीच ठेवलेली असते आणि आपले मॉडेल तीत नसेल तर मायक्रोफोन सुरू होत नाही. तिथे बॅकपोर्ट्समधला (चालू आवृत्तीसाठी तयार केलेल्या नव्या पॅकेजांच्या विभागातला) नवा कर्नल हाच सरळ उपाय आहे.

आता दुसरी शक्यता घेऊ: ‘एप्ले -एल’ला कार्ड दिसते, पण सेटिंग्जमध्ये ‘डमी आउटपुट’च आहे. अशा वेळी आधी ‘डब्ल्यूपीसीटीएल स्टेटस’ चालवावे. निकालात ‘ऑडिओ’ या शीर्षकाखाली ‘डिव्हाइसेस’ (कार्डे) आणि ‘सिंक्स’ (आवाज सोडायची ठिकाणे) असे दोन उपभाग येतात. दोन्ही रिकामे असतील, तर वायरप्लंबर बहुधा चालूच नाही. अद्ययावत करताना हेच काम करणारा जुना ‘पाइपवायर-मीडिया-सेशन’ मागे राहून नवा बसलाच नाही, असे झालेले असू शकते. ‘डिव्हाइसेस’मध्ये कार्ड आहे आणि ‘सिंक्स’मध्ये काही नाही, तर कार्डाचा प्रोफाइल, म्हणजे ते कसे वापरायचे याची निवड, ‘ऑफ’ झाला असण्याची शक्यता मोठी. ‘पीएव्हीयूकंट्रोल’ (सलग एक शब्द) हे छोटे साधन बसवून त्याच्या शेवटच्या ‘कॉन्फिगरेशन’ पानावर पाहावे; तिथे ‘ऑफ’ऐवजी ‘ॲनालॉग स्टिरिओ डुप्लेक्स’ निवडले की काम होते. सॉफचे कार्ड असल्यास प्रोफाइलचे नाव वेगळे, ‘प्ले हायफाय’सारखे असेल, तेच निवडावे. वायरप्लंबर अशा निवडी होम फोल्डरमधल्या ‘.लोकल/स्टेट/वायरप्लंबर’ या जागी लक्षात ठेवतो. जुनी चुकीची निवड पुन:पुन्हा परतत असेल तर तो फोल्डर हटवून ‘सिस्टिमसीटीएल --युजर रीस्टार्ट वायरप्लंबर पाइपवायर पाइपवायर-पल्स’ ही आज्ञा द्यावी. तिच्या आधी सुडो लावू नये. या सेवा वापरकर्त्याच्या असतात, आणि मूळ वापरकर्त्याच्या नावाने त्या सुरू झाल्या की कार्ड तिकडे अडकते.

कार्ड दुसऱ्याच कोणी धरून ठेवले आहे का, हे ‘सुडो फ्यूजर -व्ही’पुढे ‘/डेव्ह/एसएनडी/*’ लिहून कळते. तिथे फक्त पाइपवायर आणि वायरप्लंबर दिसले पाहिजेत. मागे केव्हातरी संगीताच्या हौसेने बसवलेला टिमिडिटीसारखा मिडी सर्व्हर पार्श्वभूमीत चालू राहून कार्ड अडवतो, हे जुने दुखणे आहे आणि अजूनही भेटते.

कार्ड आहे, सिंक आहे, पट्टी पूर्ण वर आहे आणि तरी शांतता आहे, अशा वेळी ‘अल्सामिक्सर’ उघडावा, कारण ग्नोमची एकच पट्टी ज्या अनेक पट्ट्यांवर बसलेली असते त्या इथे सुट्या दिसतात. उघडताच समोर येतो तो पाइपवायरचा आभासी मिक्सर, त्यात फक्त ‘मास्टर’ असते. एफ6 दाबून खरे कार्ड निवडावे. मग ‘मास्टर’, ‘हेडफोन’, ‘स्पीकर’, ‘पीसीएम’ असे उभे स्तंभ दिसतात आणि प्रत्येकाच्या पायाशी एक लहान चौकट असते. चौकटीत ‘एमएम’ असेल तर तो मार्ग बंद आहे, ‘00’ असेल तर चालू. बाणाने त्या स्तंभावर जाऊन एम ही कळ दाबली की अवस्था बदलते. सर्वांत उजवीकडे ‘ऑटो-म्यूट मोड’ दिसत असेल तर तोही पाहावा. हेडफोनच्या खाचेतला संवेदक खराब झाला किंवा खाचेत धूळ साचली, तर कार्डाला हेडफोन कायम लावलेलाच वाटतो आणि ते स्पीकर बंद ठेवते. हा पर्याय ‘डिसेबल्ड’ केला की स्पीकर चालू होतात. सगळे जुळल्यावर ‘सुडो अल्सासीटीएल स्टोअर’ म्हणावे, म्हणजे ही मांडणी डिस्कवर लिहिली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत येते.

खात्रीसाठी ब्राउझरवर विसंबू नये. त्यातला टॅब म्यूट असणे हेही एक कारण असू शकते. ‘स्पीकर-टेस्ट -सी 2 -टी डब्ल्यूएव्ही’ चालवल्यावर एक आवाज आळीपाळीने ‘फ्रंट लेफ्ट’, ‘फ्रंट राइट’ असे म्हणतो. हीच चाचणी ‘-डी प्लगएचडब्ल्यू:0,0’ (इथला ‘डी’ मात्र मोठ्या अक्षरात) जोडून केल्यास ती पाइपवायरला वळसा घालून थेट कार्डाकडे जाते. पहिल्या ‘0’च्या जागी ‘एप्ले -एल’ने दाखवलेला कार्डाचा क्रमांक टाकावा. थेट चाचणीत आवाज येतो आणि साध्या चाचणीत येत नाही, म्हणजे दोष मधल्या थरात आहे. ‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’ असे उत्तर आल्यास सगळे प्रोग्राम थांबवून थोडे थांबावे. काही वाजत नसेल तर वायरप्लंबर 5 सेकंदांनी कार्ड स्वतःच सोडतो.

या 5 सेकंदांचा एक त्रासही आहे, आणि आवाज परत आल्यावर आपल्याला तो जाणवू शकतो. शांततेनंतर काही वाजवले की पहिला शब्द अर्धवट ऐकू येतो किंवा स्पीकरमधून ‘टक्’ असा आवाज होतो. एक कारण हेच झोपणे-जागणे. दुसरे कारण कर्नलची वीजबचत. ‘/सिस/मॉड्यूल/एसएनडी_एचडीए_इंटेल/पॅरामीटर्स/पॉवर_सेव्ह’ या फाइलमध्ये 0 सोडून दुसरा आकडा असेल तर ती चालू आहे. सुडो घेऊन तिथे 0 लिहून पाहावे आणि फरक पडला तरच मॉडप्रोबच्या फोल्डरमध्ये तो कायम करावा. वायरप्लंबरमध्ये ‘सेशन.सस्पेंड-टाइमआउट-सेकंड्स’ 0 केल्यास तो कार्ड झोपवत नाही. मात्र डेबियन 12 मध्ये वायरप्लंबरची 0.4 आवृत्ती आहे आणि तिची मांडणी लुआ भाषेत लिहिली जाते. 2024 मध्ये आलेल्या 0.5 ने ती पद्धत टाकून दिली. म्हणून जिथून ओळी उतरवून घ्याल तिथे कोणत्या आवृत्तीचे बोलणे चालले आहे ते आधी पाहावे. नव्या पद्धतीची फाइल जुन्यात टाकली तर ती काहीही न बोलता दुर्लक्षित होते.

सतत खरखर किंवा तुटक आवाज येत असेल तर ‘पीडब्ल्यू-टॉप’ उघडून ‘ईआरआर’ हा रकाना पाहावा. तो आकडा वाढत असेल तर प्रोसेसर वेळेत आवाज पुरवू शकत नाही. पाइपवायर साधारणपणे 1024 नमुन्यांच्या तुकड्यांत काम करतो. सेकंदाला 48000 नमुन्यांच्या गतीने तो सुमारे 21 मिलिसेकंदांचा तुकडा झाला. एखादा प्रोग्राम 256 मागून हाच वेळ 5 मिलिसेकंदांवर आणतो आणि जुन्या यंत्राची दमछाक होते. पाइपवायरच्या मांडणीतला ‘डीफॉल्ट.क्लॉक.मिन-क्वांटम’, म्हणजे तुकड्याचा किमान आकार, वाढवला की खरखर थांबते, बदल्यात आवाज किंचित उशिरा येतो. गाणी ऐकणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही.

एचडीएमआयने टीव्ही जोडल्यास आवाज आपोआप तिकडे जाईलच असे नाही, सेटिंग्जमध्ये आउटपुट निवडावे लागते. ब्लूटूथ हेडफोनचा आवाज बैठकीत अचानक जुन्या टेलिफोनसारखा होत असेल, तर तो बिघाड नाही: मायक्रोफोन सुरू होताच हेडफोन संगीताच्या ए2डीपी प्रोफाइलवरून संभाषणाच्या एचएफपीवर जातो आणि तिथे आवाज 8 किंवा 16 किलोहर्ट्झवरच येतो. मायक्रोफोन म्हणून लॅपटॉपचा निवडावा.

इतके करूनही ‘डमी आउटपुट’ कायम असेल तर तीन गोष्टी पाठवाव्यात. पहिली, ‘एप्ले -एल’चा पूर्ण निकाल. दुसरी, ‘एलएसपीसीआय -एनएनके’च्या निकालातला ध्वनिनियंत्रकाचा भाग, त्यात ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ आहे की नाही ते मला पाहायचे आहे. तिसरी, ‘अल्सा-इन्फो’ या स्क्रिप्टचा अहवाल. ती स्क्रिप्ट ‘अल्सा-युटिल्स’ पॅकेजसोबत येते आणि अहवाल सर्व्हरवर चढवू का असे विचारते. तिथे ‘नाही’ म्हणून तो फाइलमध्ये साठवावा. लॅपटॉपचे अचूक मॉडेलही लिहावे, कारण कोडेक एकच असला तरी स्पीकर कोणत्या पिनला जोडले आहेत हे उत्पादक प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळे ठेवू शकतो, आणि कर्नलमधल्या दुरुस्त्या मॉडेलनिहायच लिहिलेल्या असतात.